पर्सनल फायरवॉल : विंडोजचा पुरतो, की वेगळा टाकायचा?

खटपट्या
घरच्या आणि लहान ऑफिसातल्या विंडोज संगणकावर वेगळा फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा किंवा सोडणारा पहारेकरी) टाकायचे दिवस गेले, असं माझं मत. विंडोजचा जो आहे तो बाहेरून आत येऊ पाहणारं मुळातच अडवतो आणि आतून बाहेर जाणारं सोडतो. वेगळे फायरवॉल घेतले जातात ते या दुसऱ्या कामासाठी, आणि तिथेच घोडं अडतं. पहिले चार दिवस सारखी खिडकी उघडते : अमुकतमुक डॉट ईएक्सई इंटरनेटवर जाऊ पाहतंय, जाऊ द्यायचं का? ती नावं ओळखणारं माणूस घरात नसतं. पाचव्या दिवसापासून न वाचता ‘अलाऊ’. मग एवढं रामायण कशासाठी?

विंडोजच्या फायरवॉलबद्दलही तक्रारी आहेतच. कायम कानावर येणाऱ्या तीन अशा. प्रोग्रॅमला परवानगी दिली तरी तो अडलेलाच राहतो. काल दिसणारा प्रिंटर किंवा शेअर केलेला फोल्डर आज गायब, आणि सेटिंगला तर कोणी हात लावलेला नाही. आणि काय अडवलं, का अडवलं, हे तो सांगतच नाही.

ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा. ‘आमच्याकडे मस्त चालतो’ एवढ्यावर थांबू नका. कोणता पोर्ट (नेटवर्कवरून ये-जा करायचं क्रमांकाचं दार), कोणती सेटिंग, अडतं ते का, हे येऊ द्या. कमांड इथे देवनागरीत लिहू, टंकताना अर्थातच रोमन.

साबुदाणा
वाचतेय. वाचनखूण साठवली.

बिनतारी
पहिल्या तक्रारीचं उत्तर माझ्याकडून.

एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा पोर्ट उघडून ऐकायला बसतो तेव्हा विंडोज परवानगी विचारतो. त्या खिडकीत ‘कॅन्सल’ दाबलं की लोकांना वाटतं, प्रश्न पुढे ढकलला. तसं होत नाही. कॅन्सल म्हणजे नकार, आणि त्याच क्षणी त्या प्रोग्रॅमच्या नावावर दोन ब्लॉक नियम तयार होतात, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा (नेटवर्कवर डेटा पाठवायच्या या दोन पद्धती). वापरणाऱ्याचं खातं अ‍ॅडमिन नसेल तर खिडकी दिसतच नाही, पण ब्लॉक नियम बहुतेक वेळा तरीही बनतात. एकदा ते बनले की त्या प्रोग्रॅमसाठी पुन्हा विचारणा नाही.

आता कोणीतरी जाऊन अलाऊचा नियम घालतं आणि फरक पडत नाही, कारण विंडोजमध्ये नियमांना वरखाली असा क्रम नाही. एकाच प्रोग्रॅमसाठी अलाऊ आणि ब्लॉक दोन्ही लागू पडले तर ब्लॉक जिंकतो. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलवर हात बसलेले लोक इथे हमखास फसतात, तिथे वरून पहिला जुळेल तो नियम लागतो.

उपाय : विंडोज आणि आर दाबा, डब्ल्यूएफ डॉट एमएससी लिहा. डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’. नावानुसार लावा आणि त्या प्रोग्रॅमसमोर लाल खूण असलेल्या ओळी शोधून काढून टाका. ‘डिसेबल’ केलं तरी चालतं, पण काढलेलं बरं. मग प्रोग्रॅम बंद करून परत सुरू करा.

खटपट्या
@बिनतारी, कॅन्सलचं हे प्रकरण त्या खिडकीत कुठेच लिहिलेलं नसतं. धन्यवाद.

वेताळटेकडी
आणखी एक भर. नियम प्रोग्रॅमच्या पूर्ण पत्त्यावर बसतो. डिस्कॉर्डसारखे प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटा फोल्डराच्या आत ‘अ‍ॅप, डॅश, आवृत्ती क्रमांक’ अशा फोल्डरात राहतात आणि प्रत्येक अपडेटला नवा फोल्डर करतात. फायरवॉलच्या लेखी तो नवाच पाहुणा, जुना नियम निकामी. काहीजण हुशारीने नियमात लोकलअ‍ॅपडेटा हे चल नाव (खात्यानुसार बदलणाऱ्या पत्त्याची खूण) घालतात. तेही चालत नाही. फायरवॉलची सेवा सिस्टिमच्या खात्यावर चालते, तिला तुमच्या खात्यातलं चल नाव उलगडत नाही. अशा प्रोग्रॅमला नियम द्यायचा तर पत्त्यापेक्षा पोर्टवर द्या, आणि ‘रिमोट अ‍ॅड्रेस’मध्ये ‘लोकल सबनेट’ टाकून तो घरापुरता ठेवा.

पाकीटमार
तिसरी तक्रार अर्धीच खरी आहे. तो सांगतो, पण विचारावं लागतं.

डब्ल्यूएफ डॉट एमएससीमध्ये सगळ्यात वरच्या ओळीवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, हव्या त्या प्रोफाइलचा (प्रायव्हेट, पब्लिक वगैरे, नेटवर्कच्या प्रकारानुसार नियमांचा संच) टॅब, त्यात लॉगिंगसमोर ‘कस्टमाइज’. ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ला (अडवलेली पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, नोंदवणं) येस करा. फाइल सिस्टिम३२ च्या आत लॉगफाइल्स, फायरवॉल या फोल्डरात पीफायरवॉल डॉट लॉग नावाने बनते. मुळातली मर्यादा ४,०९६ किलोबाइटची असते, गजबजलेल्या नेटवर्कवर ती चटकन भरते. ३२,७६७ पर्यंत वाढवता येते. एका ओळीत वेळ, ड्रॉप की अलाऊ, प्रोटोकॉल, दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि शेवटी दिशा.

पण कोणत्या नियमाने अडवलं ते यात नाही. त्यासाठी अ‍ॅडमिन कमांड खिडकीत ऑडिटपोल या कमांडने ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन’ या उपवर्गाचं फेल्युअर चालू करा. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी विभागात ५१५७ क्रमांकाच्या नोंदी येऊ लागतात. त्यात प्रोग्रॅमचा पत्ता आणि ‘फिल्टर रन-टाइम आयडी’ असतो. तो आकडा टिपा, ‘नेटश डब्ल्यूएफपी शो फिल्टर्स’ चालवा, तयार झालेल्या एक्सएमएल फाइलमध्ये तो आकडा शोधा, नियमाचं नाव समोर. काम झालं की ऑडिट बंद करायला विसरू नका, सिक्युरिटी लॉग तुडुंब भरतो आणि कामाच्या जुन्या नोंदी वाहून जातात.

साबुदाणा
नाव पाकीटमार आणि काम पाकिटं मोजायचं. शोभतं.

पाकीटमार
मोजतो फक्त, उघडून बघत नाही. :)

हिशेबनीस
दुसऱ्या तक्रारीवर. मार्च एंडच्या सुमारास अकाउंटंटांच्या ऑफिसात हमखास येणारा प्रकार, आणि शिव्या खातो तो फायरवॉल.

राउटर बदलला, नवीन वायफाय बसवलं, किंवा वायर काढून वायफायवर आलं की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं. गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या, मॅक पत्त्यावरूनही (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) तो ओळख पटवतो, त्यामुळे वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क. नव्या नेटवर्कला विंडोज ११ न विचारता ‘पब्लिक’ प्रोफाइल लावतो. विंडोज १० विचारतो, पण लोक घाईत ‘नो’ दाबतात, परिणाम तोच. पब्लिकमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे नियम बंद असतात. म्हणजे फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट बंद, नेटवर्क डिस्कव्हरीही (आसपासची यंत्रं शोधणं) बंद.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, चालू असलेल्या जोडणीचे प्रॉपर्टीज, तिथे ‘प्रायव्हेट’ निवडा. दहा सेकंदांचं काम. ज्या जोडणीला गेटवेच नाही, उदाहरणार्थ दोन संगणक थेट एका स्विचवर, ती ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणून पब्लिकमध्येच जाते. तिथे सेटिंग्जमध्ये पर्याय दिसला नाही तर पॉवरशेलची ‘सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’ ही कमांड वापरा.

टॅलीबद्दल : डेटा शेअर केलेल्या फोल्डरात असेल तर सर्व्हर असलेल्या संगणकावर ४४५ आत यायला हवा. लायसन दुसऱ्या संगणकावरून घेत असाल तर ९९९९. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून टॅलीचा डेटा ओढत असाल तर ९०००. हे तीनही फक्त प्रायव्हेट प्रोफाइलला आणि लोकल सबनेटपुरते. ‘टॅली चालत नाही’ म्हणून अख्खा फायरवॉल बंद करून जाणारे हार्डवेअरवाले बघितले की हात जोडावेसे वाटतात.

दर्यावर्दी
मोठ्या फोटोकॉपी मशीनवरून संगणकाच्या फोल्डरात स्कॅन येतो, ते पण याच ४४५ वर ना? प्रोफाइल प्रायव्हेट आहे, नियम चालू आहेत, फायरवॉल पूर्ण बंद करून बघितला तरी स्कॅन येत नाही अशीही प्रकरणं असतात.

हिशेबनीस
@दर्यावर्दी, फायरवॉल बंद करूनही येत नसेल तर दोष फायरवॉलचा नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत. दोन संशयित उरतात.

जुनी मशीनं एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी भाषा बोलतात. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बसवलेलंच नसतं, आणि बसवूही नये. मे २०१७ चा वॉनाक्राय हा किडा (आपोआप पसरणारं घातक सॉफ्टवेअर) त्याच दारातून आला होता. दुसरं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबी सायनिंग (निरोपांवर डिजिटल सही) सक्तीचं झालं आहे. ज्या मशीनला सही करता येत नाही त्याला दारातूनच परत पाठवलं जातं, आणि मशीनच्या पडद्यावर मोघम ‘कनेक्शन एरर’ दिसते. मशीनचं फर्मवेअर अद्ययावत करा, नाहीतर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर घ्या.

तपासायचा सोपा मार्ग : दुसऱ्या संगणकावर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, पुढे पत्ता, पुढे पोर्ट ४४५. टीसीपीटेस्टसक्सीडेड समोर ‘ट्रू’ आलं की फायरवॉल निर्दोष सुटला.

मुक्ताफळ
एवढं सगळं करण्यापेक्षा पेन ड्राइव्ह न्या ना राव. फायरवॉल आड येत नाही, पोर्टही एकच, आणि तोही तीन वेळा उलटासुलटा करून बसतो.

जुनाजाणता
धागा चांगला चाललाय, पण नव्या मंडळींना वाटेल की वेगळे फायरवॉल हा कायमच रिकामटेकड्यांचा छंद होता. तसं नव्हतं.

विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्यात फायरवॉल होता, पण मुळात बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा किडा आला. मोडेमने इंटरनेट जोडायचा अवकाश, १३५ पोर्टमधून आत, आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी होऊन संगणक बंद. पॅच, म्हणजे दुरुस्ती, उतरवून घेण्याइतकाही वेळ मिळायचा नाही. पुढच्या वर्षी ४४५ मधून सॅसर. त्या काळात झोनअलार्म, केरिओ, सायगेट, आउटपोस्ट हे वेगळे फायरवॉल ही चैन नव्हती, गरज होती. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने फायरवॉल मुळातच चालू करून दिला आणि तिथून या धंद्याची हवा गेली. तरी एक्सपीचा फायरवॉल फक्त आत येणारं बघायचा. बाहेर जाणाऱ्यासाठी नियम व्हिस्टापासून आले. सायगेट २००५ मध्ये सिमँटेकने घेतली आणि बंद केली. आउटपोस्टचं तंत्र २०१५ च्या अखेरीस यांडेक्स या रशियन कंपनीकडे गेलं आणि तोही संपला.

आता त्यांचा त्रास. ८ जुलै २००८ रोजी डीएनएसमधली (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) मोठी त्रुटी बुजवणारा पॅच विंडोजला आला. त्यानंतर डीएनएसचा प्रश्न दर वेळी वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून निघू लागला. झोनअलार्मला ते ओळखू आलं नाही आणि त्याने ते अडवलं. जगभरच्या झोनअलार्मवाल्यांचं इंटरनेट एका रात्रीत बंद. नवी आवृत्ती येईपर्यंत उपाय काय, तर इंटरनेट झोनची पट्टी ‘हाय’वरून ‘मीडियम’वर ओढा, किंवा पॅचच काढा.

त्याहून वाईट मार्च २००४ चा विटी. हा किडा ब्लॅकआइस या फायरवॉलमध्येच घुसत होता. फायरवॉल येणारी पाकिटं उघडून तपासत असे, त्या तपासणाऱ्या कोडमध्येच भोक होतं. त्रुटी जाहीर झाल्यावर एकाच दिवसात किडा सुटला. सुमारे १२,००० संगणक, म्हणजे नेमके तेच ज्यांच्या मालकांनी काळजी घेऊन फायरवॉल बसवला होता, आणि त्यांच्या डिस्कवर तो कचरा लिहीत सुटला.

खटपट्या
@जुनाजाणता, विटीचं उदाहरण माझ्या बाजूचं धरतो. जास्तीचं सॉफ्टवेअर म्हणजे जास्तीची भोकं, आणि हे तर थेट कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात, ड्रायव्हर घालून बसतं.

कोकणकडा
धरा, पण अर्धंच धरा. बाहेर जाणाऱ्यावर नजर ठेवायची गरज नाही हे मला मान्य नाही.

खरं तर या वादात दोन वेगळी कामं एकत्र कालवली जातात. चोराला बाहेर जाताना पकडणं हे काम पर्सनल फायरवॉलला कधीच नीट जमलं नाही. संगणकात शिरलेलं मालवेअर अ‍ॅडमिन हक्क मिळवून स्वतःच नियम घालतं, किंवा ब्राउझरच्या, नाहीतर विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या एसव्हीसीहोस्टच्या पोटात बसून वेबच्या ४४३ पोर्टवरून बाहेर जातं. ज्याला परवानगी आधीच दिलेली आहे त्याच्याच नावावर.

दुसरं काम म्हणजे सभ्य प्रोग्रॅमांच्या लावालाव्या बघणं. पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम दर तासाला कुठे फोन लावतो, प्रिंटरचं सॉफ्टवेअर कोणाला शाईची पातळी कळवतं, जुन्या आवृत्तीला अपडेट होण्यापासून कसं रोखायचं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असताना दिवसाचा दीड जीबी कोणी खाल्ला. हे सभ्य प्रोग्रॅम लपत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फायरवॉल उत्तम चालतो. त्यासाठी कोमोडो फायरवॉलसारखं अवजड काही नको. विंडोजच्याच इंजिनावर बसणारी हलकी साधनं आहेत.

सातासमुद्रापार
+१. कोमोडोबद्दल एक सांगतो. लोक ज्या पॉप-अपना वैतागतात त्यातल्या बऱ्याच फायरवॉलच्या नसतात, हिप्सच्या (प्रोग्रॅमांच्या वागण्यावर पाळत ठेवणाऱ्या त्याच्या भागाच्या) असतात. ‘हा प्रोग्रॅम रजिस्ट्रीची अमुक कळ बदलतोय’ याचा नेटवर्कशी संबंध काय? हिप्स वेगळं बंद करता येतं, फायरवॉल ‘सेफ मोड’वर ठेवता येतो, आणि अनोळखी प्रोग्रॅम परस्पर कोंडून ठेवणारं ‘ऑटो-कंटेनमेंट’ही बंद करता येतं. हे तीन केलं की आवाज बराच खाली येतो. पण मग उरतं ते विंडोजमध्ये आधीच आहे.

वेताळटेकडी
कोकणकडा, ती हलकी साधनं कोणती ते सविस्तर लिहा की. धागाकर्त्यांची अटच आहे.

कोकणकडा
लिहितो.

टायनीवॉल : पॉप-अप अजिबात नाही. जे यादीत नाही ते गुपचूप अडतं. प्रोग्रॅम चालत नाही असं दिसलं की ट्रेमधल्या आयकॉनवरून त्याच्या खिडकीवर टिचकी मारून त्याला यादीत घ्यायचं. आईवडिलांच्या संगणकावर, सगळं आधी यादीत घालून देणार असाल तर, हाच. तोटा असा की गुपचूप अडतं म्हणजे खरोखर गुपचूप. माहीत नसलेल्याला वाटतं वेबसाइट बंद पडली.

विंडोज फायरवॉल कंट्रोल : बिनीसॉफ्टचं, २०१८ पासून मालवेअरबाइट्सकडे, फुकट. हा विंडोजच्याच नियमांचा मुखवटा आहे, त्यामुळे यात घातलेला नियम डब्ल्यूएफ डॉट एमएससीत दिसतो. ‘मीडियम फिल्टरिंग’ म्हणजे नियम नसेल तर बाहेर जाणं बंद. ‘हाय’ म्हणजे सगळंच बंद, तो चुकून लागला की लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

सिंपलवॉल : हा विंडोज फायरवॉलच्या नियमांना हातच लावत नाही, खालच्या फिल्टरिंग प्लॅटफॉर्मवर स्वतःचे फिल्टर घालतो. म्हणून एक धोका. कायमचे फिल्टर निवडले असतील तर सिंपलवॉल बंद केला तरी फिल्टर चालूच राहतात. काढून टाकण्यापूर्वी ‘डिसेबल फिल्टर्स’ दाबायचंच. नाहीतर संगणकावर फायरवॉल दिसत नाही आणि इंटरनेटही नाही, असं भूत मागे लागतं. ते शोधायला मग पाकीटमारांनी दिलेली ५१५७ ची वाट.

ग्लासवायर : आलेख देखणे, ‘कोणी किती डेटा खाल्ला’ यासाठी छान. फायरवॉल म्हणून तो विंडोजचेच नियम हलवतो.

एकावेळी यातला एकच. दोन टाकले की एकाने सोडलेलं दुसरा अडवतो आणि दोघांच्या लॉगमध्ये वेगळंच लिहिलेलं असतं.

बिनतारी
काहीच न बसवता हेच करायचं असेल तर : वरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आउटबाउंड कनेक्शन्स’ला ब्लॉक. पण आधी नियम, मग ब्लॉक. डीएनएस आणि डीएचसीपीचे (संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता देणारी व्यवस्था) बाहेर जायचे नियम ‘कोअर नेटवर्किंग’ नावाने विंडोजमध्ये आधीच असतात, ते काढू नका. ब्राउझरला टीसीपी ८० आणि ४४३ देता येतात, पण यूडीपी ४४३ राहतोच. क्विक या यूडीपीवरच्या नव्या पद्धतीने जाणाऱ्या साइट मग आधी अडखळतात आणि नंतर टीसीपीवर येतात. लोक म्हणतात फायरवॉलमुळे नेट हळू झालं.

सगळ्यात मोठं दुखणं एसव्हीसीहोस्ट. त्या एका नावाखाली डीएनएस, वेळ जुळवणं, अपडेट, सगळ्या सेवा. सरसकट अडवलं तर इंटरनेट बंद, सरसकट सोडलं तर कोकणकड्यांनी म्हटलेली पळवाट उघडी. सेवेनुसार नियम घालता येतो, पण विंडोज अपडेटच्या सेवेला दिलेला नियम अनेकदा लागू पडत नाही आणि शेवटी एसव्हीसीहोस्टला ८० आणि ४४३ द्यावेच लागतात. वेळेसाठी यूडीपी १२३ विसरू नका. घड्याळ फार घसरलं की बँकेच्या साइटची प्रमाणपत्रं चुकीची दिसायला लागतात.

मुक्ताफळ
थोडक्यात, एसव्हीसीहोस्ट म्हणजे सोसायटीत ‘चौथ्या मजल्यावर जायचंय’ म्हणून आत घुसणारा माणूस. चौथ्या मजल्यावर चाळीस बिऱ्हाडं.

पेंग्विनप्रेमी
अवांतर, पण लिनक्सवाल्यांनी हसू नये. उबुंटूत यूएफडब्ल्यू हा फायरवॉल बसवलेला असतो पण बंद. चालू करण्याआधी एसएसएचचा (दुरून लॉगिन करायची पद्धत) २२ सोडा, नाहीतर दूरच्या सर्व्हरवरून स्वतःच बाहेर. फोनशी जोडणारं केडीई कनेक्ट वापरत असाल तर १७१४ ते १७६४, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही.

आणि डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन)! यूएफडब्ल्यूने ‘डिनाय’ म्हटलं तरी डॉकरने प्रसिद्ध केलेला पोर्ट बाहेरून उघडाच राहतो. डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि पाकीट यूएफडब्ल्यूच्या साखळीपर्यंत पोचण्याआधीच कंटेनरकडे वळतं. ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ मात्र सगळं बंद असल्याचं सांगत राहतो. पोर्ट देताना ८०८०:८० न लिहिता पुढे १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता) लावा, म्हणजे तो यंत्रापुरता राहील.

सातासमुद्रापार
मॅकचंही सांगून टाकतो. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून असलेला अंगचा फायरवॉल फक्त आत येणारं बघतो. बाहेरचं बघायला लिटल स्निच, पैसे पडतात. लुलू फुकट आणि मुक्त स्रोत. २०२० मध्ये मॅकची बिग सर आवृत्ती (११) आली तेव्हा अ‍ॅपलने स्वतःचे काही प्रोग्रॅम या दोघांच्याही नजरेआडून जातील अशी सूट यादी करून ठेवली होती. बोंबाबोंब झाल्यावर ११.२ मध्ये काढली.

दर्यावर्दी
एक बाळबोध प्रश्न. घरी राउटर आहे, त्याच्यावर नॅट (घरातली सगळी यंत्रं एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) आहे, वर सेवा देणारी कंपनीही सीजीनॅटच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या मोठ्या नॅटच्या, मागे ठेवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या घरातला असतो. म्हणजे बाहेरून कोणाला पोचताच येत नाही. मग संगणकावर फायरवॉल हवाच कशाला?

पाकीटमार
प्रश्न बाळबोध नाही. दोन कारणं.

एक, आयपीव्ही ६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत). जिओसारख्या जोडण्यांवर घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभरातून पोचता येईल असा पत्ता मिळतो, तिथे नॅट नाहीच. मध्ये उभा असतो तो फक्त राउटरचा आयपीव्ही ६ फायरवॉल. राउटरच्या पानावर तो चालू आहे का ते बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर राउटरही नसतो. आणि ‘आयपीव्ही ६ चं सगळं आयसीएमपी (यंत्रांमधले व्यवस्थेचे निरोप) अडवा’ असा सल्ला दिसला तर ऐकू नका. शेजारची यंत्रं शोधणं आणि ‘पाकीट फार मोठं आहे’ हा निरोप, दोन्ही त्यावरच चालतात. अडवलं की काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, आणि कारण सापडत नाही.

दोन, घरातलाच शेजारी. स्वस्त कॅमेरा, टीव्ही, पाहुण्याचा लॅपटॉप. वॉनाक्राय एका यंत्रात शिरला की बाकीच्यांच्या ४४५ वर धडका मारत होता, आणि ते सगळे राउटरच्या आतलेच होते.

साबुदाणा
मग क्लासच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर? पब्लिक प्रोफाइल पुरेसं?

पाकीटमार
पब्लिक ठेवून शिवाय विंडोज सिक्युरिटी, फायरवॉल, पब्लिक नेटवर्क इथे ‘ब्लॉक्स ऑल इनकमिंग कनेक्शन्स’वर खूण करा. कारण इन्स्टॉल होताना काही प्रोग्रॅम तिन्ही प्रोफाइलांना अलाऊ घालून ठेवतात. ही खूण त्या यादीलाही जुमानत नाही. ब्राउझिंगवर परिणाम शून्य.

हिशेबनीस
परत ऑफिसाकडे. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करताना ‘फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन’ येतं आणि सगळे विंडोजच्या फायरवॉलला बडवतात. सहीचं काम करणारा ईएमसाइनर हा प्रोग्रॅम त्याच संगणकावर १२७.०.०.१ च्या १५८५ पोर्टवर ऐकतो. यंत्रातल्या यंत्रात होणारं हे बोलणं विंडोजचा फायरवॉल सहसा अडवत नाही. खरी कारणं तीन : ईएमसाइनर अ‍ॅडमिन म्हणून चालवलेला नाही, ब्राउझरने त्याचं स्वतःचंच केलेलं प्रमाणपत्र मान्य केलेलं नाही, तेव्हा एचटीटीपीएसने १२७.०.०.१:१५८५ उघडून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘प्रोसीड’ करा; किंवा अँटिव्हायरसची वेब ढाल मध्ये बसून प्रमाणपत्र बदलते, तर तिथे हा पत्ता वगळा. पोर्ट कोणी दुसऱ्यानेच धरला असेल तर ‘नेटस्टॅट -एएनओ’मध्ये १५८५ समोरचा प्रक्रिया क्रमांक बघा.

वेताळटेकडी
अँटिव्हायरसवरून आठवलं. त्याच्या संचासोबत येणारा फायरवॉल विंडोजच्या फायरवॉलची जागा घेतो. वर्षाची वर्गणी संपली किंवा संच काढला की विंडोजचा परत आपोआप चालू व्हायला हवा, पण बघून खात्री करा. संच अर्धवट निघाला तर त्याचा फिल्टर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजच्या यादीत राहतो आणि वायफाय जोडलेलं दिसूनही इंटरनेट नसतं. आधी कंपनीचं स्वतःचं काढणी साधन सेफ मोडमध्ये चालवा. नाही गेलं तर ‘नेटश विनसॉक रीसेट’ आणि रीस्टार्ट. शेवटी सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’. त्यात वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, आधी लिहून ठेवा.

बिनतारी
आणि कृपा करून फायरवॉलची सेवा सर्व्हिसेसमध्ये जाऊन बंद करू नका. ती सेवा (एमपीएसएसव्हीसी) बंद केली की स्टोअरचे प्रोग्रॅम बसत नाहीत, स्टार्ट मेनू रुसू शकतो. तपासण्यापुरतं बंद करायचं तर ‘नेटश अ‍ॅडव्हफायरवॉल सेट ऑलप्रोफाइल्स स्टेट ऑफ’, काम झालं की तेच ‘ऑन’.

खटपट्या
तिन्ही तक्रारींची उत्तरं मिळाली. माझं मत थोडं दुरुस्त करतो : आत येणाऱ्यासाठी विंडोजचाच. बाहेर जाणाऱ्यासाठी ज्याला कुतूहल आहे त्याने कोकणकड्यांच्या यादीतला एक. घरातल्या बाकीच्यांच्या संगणकावर मात्र काही नको, यावर मी ठाम.

कोकणकडा
टायनीवॉलसाठी माझा आग्रह कायम. :)

दर्यावर्दी
जाता जाता. विंडोज नव्याने टाकायचंय. एवढे घातलेले नियम परत हाताने घालायचे?

हिशेबनीस
नाही. डब्ल्यूएफ डॉट एमएससी, वरची ओळ, उजवं बटण, ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’. डब्ल्यूएफडब्ल्यू फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या विंडोजवर ‘इम्पोर्ट’ केलं की तिथले आधीचे सगळे नियम पुसले जाऊन हे येतात, म्हणून इम्पोर्ट आधी आणि सॉफ्टवेअर बसवणं नंतर. आणि वेताळटेकडींनी सांगितलेलं पत्त्याचं प्रकरण इथेही आहे : जुन्या खात्याचं नाव वेगळं असेल तर त्या फोल्डरातल्या प्रोग्रॅमांचे नियम येतील, पण लागू पडणार नाहीत.